हेळवाकऐवजी मिरज

गाडीतली पाण्याची टाकी गळत होती, चीर बुजवायची पुटी माझ्या हत्यारांच्या डब्यात पडून होती, आणि वॉरंटी जाईल म्हणून मी ती लावली नाही. गळणारं पाणी माझ्या बापाच्या अंथरुणात जात होतं.

हे मी आजवर पुष्कळ जणांना पुष्कळ प्रकारे सांगून बघितलं. कंपनीला शिव्या घालून सांगितलं, नशिबाला बोल लावून सांगितलं, एकदा तर सगळा दोष प्लॅस्टिकवर ढकलला. कसंही सांगितलं तरी ऐकणारा शेवटी माझ्याच तोंडाकडं बघतो. म्हणून आता सरळ सांगतो.

आम्ही माणदेशातले मेंढपाळ. म्हणजे आबा मेंढपाळ. मी लष्करात गेलो आणि ड्रायव्हर झालो. आबांच्या उमेदीत दिवाळी झाली की वाडा कोकणात उतरायचा. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं असा चालता संसार. पावसाच्या आधी तो परत घाट चढून देशावर यायचा. अशाच एका परतीच्या वाटेवर, कुंभार्ली चढून आल्यावर हेळवाकच्या आसपास, माझी थोरली बहीण तापानं गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. तिला वाटेकडंला पुरली, वर दगड रचले आणि दुसऱ्या दिवशी वाडा पुढं हलला. मेंढरांना थांबून चालत नाही. पुढं दरवर्षी जाता-येता आई तिथं जरा टेकायची आणि भंडाऱ्याची चिमूट टाकायची.

मग मेंढरं विकली, शेती आली, ती वाट सुटली. आई वारली आणि आबांनी एकच धोशा लावला.

"तिला सांगाय पायजे रं, आई गेली म्हणून. आन तुमी दोघांनी जागा बघून ठेवा. माज्यामागं तिला कोन इचारतंय?"

दोघं म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण. ती जागा आता आबांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. खुणा सांगा म्हटलं तर म्हणायचे, "वळान हाय. जांभळ हाय. वड्याचा आवाज येतूया. सांगून कळत न्हाई, बघितलं की दावतो."

पण आबांना बसवत नव्हतं. कमरेखालचं अंग गेलेलं, पडून पडून पाठीला जखमा धरू लागलेल्या. बहीण म्हणाली, "शेजारच्याचा पिकप घिऊ. खाली गादी टाकू, वर ताडपत्री बांधू. सकाळी निघालं की दुपारपतूर तितं."

मला ते पटलं नाही. मी आयुष्यभर साहेबलोकांच्या गाड्या चालवल्या होत्या, त्यामुळं एकदा तरी स्वतः साहेब व्हावं अशी अंगात खाज होती. निवृत्तीनंतर मी मोटरहोम मागवली. दक्षिणेतली कुठलीशी कंपनी टेम्पोच्या सांगाड्यावर आख्खं घर उभं करून देते. पलंग, शेगडी, फ्रीज, संडास. बायकोनं आतला संडास बघितला, शेगडी बघितली, दोन्हींमधलं अंतर बघितलं आणि पुण्याला लेकीकडं निघून गेली.

नवी गाडी आधी बिरोबाला न्यायची ही आमची रीत. देवळापुढं उभी केली. आबा आत पलंगावर. त्यांच्याही अंगावर भंडारा पडावा म्हणून मी छतातल्या पंख्याची झडप उघडली, पंखा हवा आत ओढेल असा चालू केला आणि टपावर चढून मुठी मुठी हळद त्याच्यावर सोडली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आत आबा पिवळेधमक झाले. खोकत होते आणि खोकता खोकता हसत होते. पंख्यानं दोनदा घरघर केली आणि तो थांबला. मी म्हटलं, देव पावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मायणी मागं टाकली, विटा जवळ आलं, तोच मागून बहिणीची हाक आली.

"दादा, थांब जरा. आबांचं हातरून भिजलंया."

मी गाडी कडेला घेतली आणि शहाण्यासारखा म्हणालो, "आसू दे. या वयात हुतंय आसं."

आबा आढ्याकडं बघत म्हणाले, "मी न्हाई मुतलो. तुजी गाडी मुतलीया."

पलंगाच्या उशाला, वरच्या कप्प्यात पाण्याची टाकी बसवली होती. तिच्या जोडावर केसाएवढी चीर होती आणि तिथून धार लागली होती. लष्करात असताना याहून मोठी भोकं मी साबणाच्या वडीनं बुजवली आहेत. पण ती सरकारी गाडी होती. ही माझी होती, नवी होती, आणि हिला वॉरंटी होती. मी कंपनीला फोन लावला.

तिकडचा माणूस फार गोड बोलला. "सर, अजिबात हात लावू नका. बाहेरचा हात लागला की वॉरंटी संपली. टाकी रिकामीपण करू नका, गळती आम्हाला डोळ्यानं बघावी लागते. आमचं वर्कशॉप मिरजेत आहे. तिकडं घेऊन जा."

विट्याच्या चौकात उजवीकडं कराडचा रस्ता लागतो. कराड, पाटण, हेळवाक. उन्हं कलायच्या आत पोचलो असतो. सरळ गेलं की तासगाव आणि पुढं मिरज.

"टाकी वत आन चल की," बहीण म्हणाली. "आपल्याला काय पवायचंय?"

"आगं, नवी गाडी हाय. फुकट करून द्येत्यात. दोन दिसाचा तर प्रश्न."

तिनं धारेखाली पातेलं धरलं आणि मी गाडी सरळ घातली. पातेलं भरलं की ती खिडकीतून ओतायची. तासगावपर्यंत द्राक्षबागांना पाणी देत गेलो म्हणा ना.

वर्कशॉप मिरजेबाहेर होतं. पत्र्याची मोठी शेड, आत ग्राइंडरचा आवाज. मॅनेजर मिरजेचाच, चष्मेवाला, नम्र. त्यानं चिरीचे फोटो काढले, धारेचा व्हिडिओ काढला आणि मग टाकी मोकळी करू दिली. तोवर गादी आतपर्यंत पाणी प्यायली होती. तो स्पंज काही वाळेना. आबांना पुढच्या अरुंद बाकड्यावर हलवलं. कंपनीचा इंजिनिअर येईपर्यंत गाडी हलवायची नाही असा नियम निघाला, म्हणून आम्ही तिघं शेडमध्येच राहिलो. म्हटलं तर घरातच होतो.

इंजिनिअर आला. टाकी बघून त्यानं मान हलवली. दोष कंपनीचाच होता. मी बहिणीकडं विजयानं बघितलं. मग त्याची नजर छताकडं गेली. त्यानं पंखा खोलला. आतून हळदीचा गोळा पडला.

त्याला मराठी येत नव्हतं. मॅनेजर मध्ये पडला. "काका, हे काय आहे विचारतात."

"भंडारा."

"मला कळलं हो. यांना काय सांगू?"

"सांगा, देवाचा आहे."

मॅनेजरनं काहीतरी सांगितलं. इंजिनिअर बराच वेळ मोबाईलवर लिहीत राहिला. यंत्रात बाहेरचा पदार्थ घातल्याचं आढळलं, सबब सगळंच प्रकरण वरिष्ठांकडं, असा त्याचा अर्थ निघाला. मी चिडलो. हळदीनं पंखा बंद पडेल, टाकी कशी फुटेल? टाकीला काय हळद लागली होती, लग्न होतं का तिचं?

"मला पटतंय, काका," मॅनेजर म्हणाला. "माझ्या गाडीला पण लिंबू-मिरची आहे. पण ती बाहेरून आहे."

खरं म्हणजे तेव्हाच गादी फेकून, टाकीला पुटी लावून निघायचं. पण आता भांडण लागलं होतं, आणि भांडण लागलं की मला माझं काम आठवत नाही. सकाळी उठून मी मॅनेजरच्या केबिनपुढं जाऊन बसायचो. फोन लावायचो, कायदा सांगायचो, ग्राहक मंचाची भीती घालायचो. कुठला कायदा ते मलाही ठाऊक नव्हतं. दुपारी येऊन बहिणीला सांगायचो, "आज घायकुतीला आणलं त्यास्नी." ती आबांना कूस बदलून देत असायची. पत्रा तापायचा, बाकडं अरुंद, ओल लागलेल्या जखमा चिघळत चाललेल्या. हेळवाक मी विसरलो नव्हतो. रोज फक्त उद्यावर टाकत होतो.

"हा कंचा मुक्काम म्हणायचा?" आबांनी एकदा विचारलं.

"मिरज, आबा."

"मिरजंला कशाला आलू? मिरज वाटंत न्हाई."

"गाडीचं काम हाय जरा."

आबा म्हणाले, "घोडं लंगडलं की वझं दुसऱ्या घोड्यावर टाकायचं आसतंय. घोड्यापायी वाडा थांबवत न्हाईत."

मी म्हणालो, "आबा, घोड्याला वॉरंटी नसती." आणि स्वतःच हसलो. बहीण हसली नाही. आबांनी तोंड पत्र्याकडं फिरवलं.

त्यांना ताप भरला तेव्हा मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही म्हणून मला बरंच वाटलं, एवढा मी गाढव. डॉक्टरांनी पाठ उघडून बघितली आणि माझ्याकडं बघितलं. जखमांचं विष रक्तात उतरलंय म्हणाले. "इतके दिवस कुठं होता?" मी म्हणालो, वर्कशॉपला. त्यांना वाटलं मी तिथं नोकरीला आहे.

"अँबुलन्स करून आसंच न्हेऊया का?" बहिणीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, कराडसुद्धा गाठणार नाहीत.

मग मला एक अक्कल सुचली. मोबाईलवर मी हेळवाकचा नकाशा काढला, वरून घेतलेला फोटो असतो तसला. रस्ता मोठा करून आबांच्या डोळ्यांपुढं धरला.

"आबा, हे वळान का बघा."

त्यांनी डोळे बारीक केले. "मुंगी फिरतीया का ह्याच्यावर?"

"ट्रक हाय तो. जागा कुठली सांगा. हितं? का पल्याड?"

"पल्याड."

मी बोटानं नकाशा सरकवला. "हितं?"

"आजून पल्याड."

सरकवत गेलो. घाट उतरला, चिपळूण आलं, खाडी लागली, तरी ते पल्याडच म्हणत होते. बहिणीनं माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा गेले.

त्यांना गावी नेलं ते पिकपमधून. खाली गादी टाकली, वर ताडपत्री बांधली. बहीण त्यांच्याशेजारी बसली होती आणि मी ड्रायव्हरजवळ. विट्याच्या चौकात ड्रायव्हरनं चहाला थांबू का विचारलं. मी नको म्हणालो. त्या चौकात मला उतरायचं नव्हतं.

दिवस-कार्य आटोपलं आणि मॅनेजरचा फोन आला. "अभिनंदन, काका! खास बाब म्हणून मंजूर झालं. टाकी नवी, गादी नवी, आणि पंखापण नवा बसवलाय, आपल्याकडून." मी मिरजेला गेलो. गाडी धुऊनपुसून उभी होती, आत हळदीचा एक कण नव्हता. आबांचं कळल्यावर तो खरोखर हळहळला. मग चाचरत म्हणाला, "काका, ते मोबाईलवर तारे द्यायचे असतात. आमचं वर बघतात." मी पाचच्या पाच तारे दिले. आता द्यायला तरी काय हरकत होती?

बहिणीला घेऊन मी हेळवाकला निघालो. टाकी मुद्दाम काठोकाठ भरली होती. विट्याच्या चौकात उजवीकडं वळलो. कराड गेलं, पाटण गेलं, एक थेंब गळला नाही. मी दोनदा मागं वळून विचारलं, "गळतंय का गं?" पदराच्या गाठीला भंडारा बांधून ती खिडकीबाहेर बघत होती.

हेळवाकच्या अलीकडं रस्ता रुंद केलाय. डोंगर कापलाय, वळणं सरळ केलीत, कडेला मुरुमाचे ढीग. जिथं जिथं जरा वाकण दिसलं तिथं मी गाडी थांबवली. बहीण उतरायची, ओढ्याचा आवाज येतो का म्हणून कान द्यायची. ट्रकशिवाय काही ऐकू यायचं नाही. एका चहाच्या टपरीवर विचारलं, इथं जांभळीचं झाड होतं का. टपरीवाला म्हणाला, "एक का? लय हुत्या. रस्त्यात गेल्या सगळ्या."

पलीकडं गेलो, परत अलीकडं आलो. आबांचं पल्याड कुठं असेल त्याचा अंदाज लागेना. शेवटी एका वळणावर गाडी लावली, खाली उतरलो. कापलेली दरड, तिच्या पायथ्याला दगडांचा सडा. कुठले रचलेले आणि कुठले सुरुंगानं पडलेले, कसं ओळखायचं?

"हितंच आसंल कुठंतरी," मी म्हणालो. "टाक हितं."

बहिणीनं पदराची गाठ अर्धी सोडली होती. ती दगडांकडं बघत राहिली, मग गाडीकडं बघितलं, आणि गाठ परत आवळली.

"हितंच आसंल कुठंतरी, आसं तर मला घरी चुलीम्होरं बसूनबी म्हनता आलं आसतं, दादा. त्येला आबांना कशाला मारायचं?"