तिकोनीचा लाल दोरा

कोपरा फाडलेलं कार्ड वाईच्या दुकानात माझ्या हाती पडलं, तेव्हा मी एका शर्टाला काजं करत होतो. यशवंता गेला, सांगलीत, विषमज्वराने. कार्ड मशीनच्या फळीवर पालथं ठेवलं आणि उरलेली तीन काजं पुरी केली. कुणाला हा निर्दयपणा वाटेल... वाटू दे. पाच वर्षं ज्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, त्याच्यासाठी एकदम रडू कुठून आणायचं?

आम्ही दोघे साताऱ्याला रहमानचाचांच्या हाताखाली शिवण शिकलो. कुठलाही शर्ट हाती आला की चाचा आधी तो उलटा करत. "सुलटी बाजू गिऱ्हाइकाची रं, उलटी आपली," म्हणत. बाजूची शिवण खाली जिथे संपते आणि पुढचा-मागचा भाग सुटा होतो, तिथे आतून नखाएवढी कापडाची तिकोनी बसवायची, ही त्यांची सक्ती. ताण नेमका तिथेच पडतो. ती तिकोनी ज्याने त्याने आपल्या रंगाच्या दोऱ्याने शिवायची. माझा निळा, यशवंताचा लाल. आत कोण बघतंय, असं एकदा मी कुरकुरलो तर चाचांच्या आधी यशवंतानेच मला झापलं. "आपुन बघतो की, शंकर गड्या. तेवढं बास न्हाई व्हय?" त्या बोलण्यावर मी भाळलो आणि पुढे सांगलीला त्याच्याबरोबर भागीत दुकान टाकलं.

महायुद्धामुळे कापड मिळेनासं झालं, पण लग्नं थांबली नाहीत. एका वकीलसाहेबांनी जपून ठेवलेलं तलम पॉपलिन, लेकीच्या लग्नात स्वतःला घालायच्या शर्टासाठी आणून दिलं. ते यशवंताने घेतलं, त्यानेच शिवलं. लग्नात साहेब कोट काढून पंगतीत वाढायला वाकले आणि शर्ट बाजूने थेट बरगडीपर्यंत टर्रकन फाटला, तोही व्याह्यांच्या देखत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आमच्या टेबलावर आपटला. "कुणी शिवला हा?"

मी सवयीने उलटा केला. तिकोनी नव्हतीच. लाल नाही, निळा नाही. यशवंता खडूने कापडावर रेघ मारत होता. रेघ पुरी करून, वर न बघता तो म्हणाला, "शंकरनं शिवला, साहेब."

मी तिथल्या तिथे का बोललो नाही, असं बायको अजून विचारते. मला वाटत होतं, आत्ता हा सुधारून घेईल... साहेब शर्ट टेबलावरच टाकून रस्त्यापलीकडे जाईपर्यंत मी वाट पाहिली. मग विचारलं, तर म्हणाला, "माजं नाव सांगतो तर गिऱ्हाईक गेलंच असतं की. येवड्याशा चिंधीपायी तुजं काय बिघडलं?"

बिघडायचं ते बिघडलं. आठ दिवसांत गिऱ्हाइकं दारातूनच बजावू लागली, कापड शंकरच्या हातात देऊ नका. ज्या हातावर पोट, त्याच हाताचं नाव गेलं. मी माझी कात्री उचलली आणि वाईला आलो.

दिवसकार्य उरकल्यावर सांगलीला गेलो. यशवंताच्या बायकोने, पार्वतीवहिनींनी, त्याची लोखंडी पेटी माझ्यापुढे सरकवली. "भावजी, हिला कुनाला हात लावू द्यायचे न्हाईत. आता तुमीच उगडा."

आत तोच शर्ट होता, धुऊन घडी केलेला. फाटलेलं इतकं बारीक रफू केलं होतं की बोट फिरवल्यावरच कळावं. मी उलटा केला. दोन्ही बाजूंना तिकोनी. लाल दोऱ्याची.

"हे कवा केलं त्यानं?"

"तुमी गेलासा त्याच आठवड्यात. कुनाला द्यायचाय इचारलं, तर पेटीत ठिवून कुलूप घातलं."

मला गहिवरून यायला हवं होतं. आला तो संताप. चूक कळली होती, पाच वर्षं कळलेली होती, आणि सांगलीहून वाई काही काशीइतकी लांब नाही. कबुली दिली तीही जिथे फक्त आम्हीच दोघे बघतो अशा जागी, आणि बघायला मला बोलावलं नाही.

शर्ट मी वहिनींकडून मागून आणला. दुकानात समोरच्या खुंटीवर तो उलटा टांगलेला असतो. येणारा-जाणारा लाल दोऱ्याला बोट लावतो आणि विचारतो, कुणी शिवला हा?

मी सांगतो, यशवंतानं.