आत्याचे टाके

आमच्या आत्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. आमच्या डिंगोरे गावात कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, हे ती एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगून टाकायची. "पोटात ठिवलं की मला जळजळतं," असं तिचं म्हणणं. आणि नेमकं हिलाच मला माझं गुपित सांगावं लागलं.

दुसरं होतंच कोण? आई गेलेली, वडिलांपाशी, म्हणजे दादांपाशी, असला विषय काढायची सोय नव्हती. माझा एक स्तन जन्मजात वेगळ्या घडणीचा. वयात येताना दुसरा नीट भरला, हा मात्र बुडाशी अरुंद, नळीसारखा राहिला. आळेफाट्याच्या शाळेत शिकवताना भर उन्हाळ्यातही मी ओढणीला पिना लावून असायचे. लग्नासाठी नव्हे, मला माझ्यासाठीच आरशासमोर नीट उभं राहायचं होतं. आत्याने मध्ये न बोलता सगळं ऐकलं. दादांना म्हणाली, "बायांचं दुखणं हाय, तू मदी पडू नगंस."

पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मांड्यांतली चरबी काढून, स्वच्छ करून, बारीक सुईने थोडी थोडी स्तनात भरायची. त्यातली काही जिरते, म्हणून पुन्हा यावं लागेल. आत्या लगेच पुढे सरकली. "बाई, हिच्या अंगावर हाय काय? माजीच घ्या की, लई हाय!" दुसऱ्याची चालत नाही म्हटल्यावर ती खरोखर खट्टू झाली.

पहिली शस्त्रक्रिया उरकून घरी परतलो आणि खरी पंचाईत सुरू झाली. आमच्याकडे कुणी दवाखान्यातून आलं की अख्खी भावकी बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येते, आणि बायका टाके बघितल्याशिवाय उठत नाहीत. थोरली चुलती तर सगळ्यांच्या आधी आली. मी आतल्या खोलीत, मांड्यांना घट्ट पट्टे, छाती काळीनिळी. बाहेरून तिचा आवाज आला, "वन्सं, पोरगी फेंगडी का चालती? कसलं आपरेशन झालं तिचं? बघू तरी."

पावलं दाराशी आली. मी चादर गळ्यापर्यंत ओढली. आता आत्या सगळं ओकणार, अशी माझी खात्रीच झाली.

"तिचं कुटं? माजं झालंय," आत्या म्हणाली. "पोटात गाठ व्हती. मला उचलताना पोरीला लचक भरली."

"अगं बाई! मग टाके दावा की."

आत्याने बेधडक पदर सारून पोट दाखवलं. तिथे तिची पिशवी काढल्याचा वण होता.

"ह्यो तर जुना हाय, वन्सं."

"जुन्याच जाग्यावरनं काढली. नवी जागा कशाला फाडायची, वैनी?"

चुलती हळहळली आणि दारातूनच मागे वळली. मी चादरीत तोंड घालून हसले आणि मग रडले. पुढच्या खेपेला आम्ही पुण्याला निघालो ते आत्याच्या तपासणीच्या नावाखाली. तोवर तिच्या सांगण्यात ती गाठ लिंबाएवढीची नारळाएवढी झाली होती. गप्प बसणं तिला जमणारच नव्हतं, म्हणून ती माझ्याऐवजी स्वतःबद्दल बोलत राहिली. इकडे माझ्या छातीत भरलेली चरबी धरली. मी ओढणीच्या पिना काढल्या.

गेल्या हिवाळ्यात आत्या हृदयविकाराने गेली. दशक्रियेला चुलती डोळे पुसत मला म्हणाली, "त्या गाठीनंच खाल्ली बग तिला."

तिला कधी गाठ नव्हतीच, हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण ते सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न माझ्यावरच आला असता. आत्या असती तर म्हणाली असती, गप बस. मी चुलतीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "हो काकू, लई सोसलं तिनं."