हद्दीबाहेरची मुलगी आणि सात नंबरची बस

सात नंबरची पिवळी बस मुक्कामाला असायची व्हर्ना हॉस्टेटरच्या अंगणात. हॅलोवेच्या शाळेकडे ती एकोणीस वर्षं ड्रायव्हर होती, आणि डोंगराकडचा सगळ्यात लांबचा, घसरडा रूट तिचा. डेपोपर्यंतच्या खेपेचं डिझेल वाचावं म्हणून शाळेनंच ही सोय केली होती. अंगण मात्र हॅलोवेच्या हद्दीत नव्हतं. ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे केटल रन, पलीकडे हॅलोवे. शाळा वेगळ्या, शाळा मंडळं वेगळी, घरपट्टीबरोबर भरायचा शाळेचा करही वेगळा.

केटल रनच्या हायस्कुलात रसायनशास्त्राला शिक्षकच उरला नव्हता. फुटबॉलचा कोच मुलांना कॉम्प्युटरसमोर बसवायचा आणि स्वतः पेंगायचा. व्हर्नाच्या मॅरेनला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. बाप क्लाइड दुसऱ्याच्या गोठ्यावर पहाटे तीनला दूध काढायला जायचा, तेव्हापासून त्याच्या मागे मागे फिरून पोरीनं तो ध्यास घेतला होता. व्हर्नाची बहीण हॅलोवेत राहायची. ती म्हणाली, "माझा पत्ता लिही ना. अर्धं गाव तेच करतं."

"आणि कोणी विचारलं तर मॅरेननं रोज खोटं बोलायचं?" व्हर्ना म्हणाली. "फी भरून जाईल ती. समोरच्या दारानं."

हद्दीबाहेरच्या मुलांना लागणारी फी जबर होती. क्लाइडनं शिकारीची बंदूक विकली, व्हर्नानं शनिवारी सहलींच्या बस चालवायला घेतल्या. ऑगस्टमध्ये पहिला हप्ता भरून ती वाहतूक विभागाच्या ड्वाइट फेनरकडे गेली. मॅरेनचं नाव सात नंबरच्या यादीत घाल म्हणाली.

फेनर खुर्चीत चुळबुळला. "व्हर्ना, फी शिकवण्याची असते. बस फक्त हद्दीतल्या मुलांना."

"बस माझ्या दारातून रिकामी निघते, ड्वाइट."

"विम्याचा प्रश्न आहे गं. माझ्या हातात नाही."

मग मॅरेन चालू लागली. पूल ओलांडून दीड मैलावर डॉना वीव्हरचं घर होतं. डॉना हॉस्पिटलात ड्युटीला जाताना शाळेवरूनच जायची, ती मॅरेनला गाडीत घ्यायची. उलटं पुलापर्यंत येण्याएवढा वेळ मात्र तिच्याकडे नसायचा. बसचा पहिला थांबाही डॉनाच्याच फाट्यावर होता. रोज सकाळी व्हर्ना छत्तीस सीटांची रिकामी बस घेऊन आपल्याच मुलीच्या शेजारून पुढे जायची. मॅरेन हात करायची.

डिसेंबरात बर्फ पडला. बर्फ सारणाऱ्या नांगरगाडीनं रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेएवढे ढीग लावले, चालायला डांबराची कडा तेवढी उरली. एका सकाळी लाकडांचा ट्रक इतका खेटून गेला की मॅरेन ढिगात फेकली गेली. मनगट मुरगळलं, बाकी वाचली. व्हर्ना पुन्हा फेनरकडे गेली. फेनरनं पुन्हा विम्याचंच कारण पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी व्हर्नानं बस मॅरेनच्या मागे घातली. धोक्याचे दिवे लुकलुकत ठेवले आणि पोरीच्या पावलांनी बस चालवली. दीड मैल. मागे गाड्यांची रांग लागली, लाकडांच्या ट्रकनं भोंगा धरून ठेवला. व्हर्नानं आरशातसुद्धा पाहिलं नाही. सगळी मुलं पहिल्या तासाला पंचवीस मिनिटं उशिरा पोचली. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी पुलावर फेनर उभा.

"हा काय तमाशा चाललाय?"

"इथं वेगाची मर्यादा पस्तीस आहे. पस्तीसच्या वर गेले का मी?"

"व्हर्ना, चावी दे."

तिनं चावी त्याच्या हातात ठेवली. "स्लेट टेकडीच्या वळणावर ब्रेक मारू नकोस. तिथं आत लेकरं असतात."

तिला बिनपगारी घरी बसवलं. फेनर स्वतःच बस चालवायला लागला आणि दुसऱ्याच दिवशी स्लेट टेकडीवर ब्रेक मारून बस चरात घातली. कोणाला खरचटलंही नाही, पण डोंगराकडची पोरं दोन तास थंडीत कुडकुडली. मग आठवडाभर त्या रूटवर बसच गेली नाही. चालवायला माणूस होता कुठे?

सोमवारी शाळा मंडळाची सभा होती. हॉल गच्च भरला. व्हर्ना उठून माइककडे गेली, तसे अध्यक्ष म्हणाले, "माफ करा, मिसेस हॉस्टेटर. इथं फक्त हद्दीतल्या रहिवाशांना बोलता येतं."

"माझे पैसे हद्दीत येतात. मी येत नाही?"

"नियम आहे."

तेवढ्यात डॉना उठली, नर्सच्या कपड्यांतच. "माझ्या वाट्याची बोलायची तीन मिनिटं तिला द्या."

"तशी देता येत नाहीत."

"बरं." डॉना माइकपाशी येऊन उभी राहिली. "व्हर्ना, तू सांग. मी बोलते."

हॉलमध्ये खसखस पिकली. व्हर्ना तिच्या खांद्यामागून एकेक वाक्य सांगू लागली, डॉना ते माइकवर म्हणू लागली. "एकोणीस वर्षांत माझ्या बसमधलं एक लेकरू रस्त्यावर राहिलं नाही." डॉनानं म्हटलं. "माझंच तेवढं राहिलं." डॉनानं तेही म्हटलं. "मी भीक मागत नाही, मी फी भरते. ज्या सीटवर कोणी बसत नाही, ती मला द्या."

पाच विरुद्ध चार मतांनी ठराव झाला. फी भरणाऱ्या मुलांना बसमध्ये जागा, पण चढायचं हद्दीच्या आतूनच. आणि व्हर्नानं माफीचं पत्र द्यायचं.

"उशीर झाला, ते मी नोंदवहीत रोजच्या रोज लिहिलंय," व्हर्ना म्हणाली. या वेळी मध्ये डॉना नव्हती, आणि तिला कोणी अडवलंही नाही. "माफी लिहिणार नाही."

पत्र तिनं कधीच दिलं नाही. बिनपगारी दिवसांचे पैसे बुडाले ते बुडालेच. पण डोंगराचा रूट दुसरं कोणी घेईना, म्हणून चावी आठवड्यात परत आली. फेनरनं तोंड वाकडं करत पुलाच्या पलीकडच्या टोकाला नवा थांबा दिला.

तेव्हापासून मॅरेन घरातून निघून पूल चालत ओलांडते आणि पाटीखाली उभी राहते. व्हर्ना अंगणातून बस काढते, पूल ओलांडते, लाल दिवे लावते, 'थांबा'ची पाटी बाहेर काढते. कायद्याप्रमाणे दोन्हीकडची रहदारी थांबते. मग दार उघडतं.

एकदा गारांत भिजून मॅरेन वैतागली. "मॉम, अंगणातूनच बसले तर कोण बघणारे? शुद्ध मूर्खपणा आहे हा."

"आहेच," व्हर्ना म्हणाली. "म्हणून तर सगळे दिवे लावून करते. बघू दे की सगळ्यांना. बस, पट्टा लाव."