कोऱ्या तारखेचा अर्ज

मालकिणीने तो कागद दुकानाच्या काचेच्या दाराखालच्या फटीतून पायाने सरकवला. चपलेच्या टोकाने. हाताने दिला नाही.

मी बाहेर फुटपाथवर उभी. जूनची दुपार, अंगात ताप. आत माझी खुर्ची तिने सगळ्यांदेखत फिनेलने पुसून घेतली होती. क्लिनिकचं सर्टिफिकेट मी काचेला लावून धरलं. तिने वाचलं नाही.

"काकू, सही करा ना पटकन. यल्ला, आटपा, लोक बघतायत."

आर्या, नील, तुम्ही कॅनडाहून विचारता, "आजी, व्हाय डिड यू लीव्ह दॅट जॉब?" मी दरवेळी सांगते, वय झालं. ते खोटं आहे.

इथे आखातात, अल मनखूलमधलं शाळेचे गणवेश शिवणारं ते दुकान. आठ कारागीर, एक मालकीण, आणि पत्रव्यवहार सांभाळणारी मी. मालकीण दादरची, तुमच्या आत्याच्या वयाची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझ्या फायलीत एक कागद तिरका सापडायचा नाही. त्याचा मला गर्व होता.

साथ आली, शाळा बंद झाल्या. आजाऱ्याला पगारी रजा द्यायची, हा कायदा होताच. त्यात नवा नियम आला: काम नसेल तर बिनपगारी रजा देता येईल, पण कामगाराची लेखी संमती हवी. मॅडम म्हणाली, "काकू, कायदे मोठ्या कंपन्यांना परवडतात. मी चार आजाऱ्यांना घरी बसवून पगार दिला तर खलास. शटर खाली." ती उगाच बोलत नव्हती. न विकलेल्या गणवेशांचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते.

म्हणून अर्ज मी लिहिला. सुबक इंग्रजीत. 'मी स्वखुशीने, घरगुती कारणासाठी बिनपगारी रजा मागत आहे.' तारखेची जागा कोरी. आठही सह्या मीच घेतल्या.

रफीकभाई आमचे कटिंग मास्टर, दापोलीकडचे. मुहैस्नाहच्या कामगारवस्तीत एका खोलीत सहा जण राहायचे. पेन हातात धरून त्यांनी विचारलं, "भाबी, ह्यात लिवलंय काय?"

"फॉर्मॅलिटी," मी म्हणाले.

"तुमी सांगताव तर बरोबरच असंल."

महिन्याभराने त्यांना ताप आला. मॅडमने त्यांचा अर्ज काढायला सांगितला. कोऱ्या जागेत तारीख मी घातली. माझ्या अक्षरात. कागदावर आजारपण उरलं नाही, घरगुती कारण उरलं. घरी बसून पगार नाही, म्हणून चौथ्या दिवशी ते तापातच कामावर आले. कापडाच्या थप्पीवर कोसळले. वाचले. पण फुप्फुसं कामातून गेली. आता दापोलीला ओट्यावर बसून असतात. चार पावलं चालले की धाप.

तरीही मी दुकानात जात राहिले. फायली लावत राहिले.

आणि आता तोच अर्ज माझ्या पायाशी. माझंच इंग्रजी. उचलायला वाकले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. काच धरून उभी राहिले.

"मी आजारी आहे. मी रजेची भीक मागितलेली नाही. सही करणार नाही."

ती हसली. "अहो काकू, ड्राफ्ट तुमचाच ना?"

"माझाच. त्यात काय लिहिलंय ते मला माहीत आहे."

ताप उतरल्यावर मी कामगार कार्यालयात तक्रार केली. पगारी रजा मिळाली. करार संपला तेव्हा नोकरी गेली. दुकान बंद पडलं नाही, अजून चालू आहे. दुकान छोटं होतं, मान्य. पण त्या छोटेपणाचा सगळा भार आम्ही सगळ्यांत आजारी माणसाच्या छातीवर ठेवला. आम्ही. मीसुद्धा.

परवा रफीकभाईंना फोन केला. धापेमधून म्हणाले, "जाऊ द्या भाबी. तुमी तरी काय करनार होताव?"

सांगू शकत होते, मुलांनो. एक वाक्य वाचून दाखवू शकत होते. ही माफी मला नको.

आज जबानी लिहिली. सही घेताना मी त्यांना खोटं सांगितलं. तारीख ते आजारी पडल्यावर मी घातली. एक प्रत दापोलीला जाईल. दुसरी घेऊन सोमवारी मी स्वतः कामगार कार्यालयात जाणार. मॅडम म्हणेल, ही बाईही सामील होती. म्हणू दे. तेही त्यात लिहिलं आहे.

खाली पूर्ण नाव. सही. आणि आजची तारीख.