वाढत्या अंगाचा कोट

लेक-जावई नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन परदेशी निघाले, दोन महिन्यांच्या सुट्टीवर. बॅग भरायला मी मदतीला बसले होते. झबल्यांच्या घड्या घालता घालता एक लोकरीचा कोट हाती आला. बाळाच्या पाठीला लावून पाहिला, तर पार टाचांखाली लोंबला.

"दोन महिन्यांत एवढा वाढणार आहे का गं हा?" मी लेकीला विचारलं.

मान वर न करता ती म्हणाली, "वाढत्या अंगाचं घ्यावं, असं तूच सांगायचीस ना, आई?"

सांगायचे खरी. तिचा शाळेचा गणवेश मी दरवर्षी चार बोटं मोठाच शिवून घ्यायचे. पण आपलेच शब्द इतके पटकन परत आले, की वाटतं, उत्तर आधीपासूनच तयार होतं. मग जावयाचं गोड बोलणं खटकू लागतं. दोघांनी घरातल्या कुंड्या शेजारी देऊन टाकल्या, तेही आठवतं. संशयही वाढत्या अंगाचाच असतो. आज ढगळ वाटतो आणि कधीतरी अगदी मापात बसतो.

विमानतळाच्या दारात दोघं वाकून "येतो" म्हणाली. निघताना सगळेच तसं म्हणतात. काचेपलीकडून बाळानं टाटा केला. एवढ्या लहान मुलांचा टाटा उलटा असतो, तळवा स्वतःकडे, आपण कुणाला 'ये, ये' म्हणतो तसा.

तिघांत खोटं बोलायला न शिकलेला तो एकटाच, आणि तो मला तिकडे बोलावत होता.