“तुमच्याकडे पोरं किती?”

पक्षाच्या तिकिटासाठी मुलाखत द्यायला माझ्या मोठ्या जाऊबाई मला सोबत घेऊन गेल्या होत्या. पनवेल महापालिकेची निवडणूक लागली होती. आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव झाली होती आणि कॉलनीतल्या लोकांनीच त्यांना भरीस घातलं होतं. “वहिनी, तुमच्याशिवाय आहेच कोण?”

ते खोटंही नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण तुटलं होतं. आखातातून परत येऊन कोपऱ्यावर कापडाचं दुकान टाकलेले एक चाचा त्यात पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तक्रारी सगळ्यांनी केल्या, हललं कोणीच नाही. मग एके सकाळी जाऊबाईंनी घरातली खुर्ची नेऊन त्या खड्ड्याशेजारी टाकली आणि भर रस्त्यात बसून राहिल्या. टेम्पोवाले हॉर्न मारत होते. कंत्राटदाराचा माणूस आला, म्हणाला, “काकू, उठा, तमाशा नको.” त्या म्हणाल्या, “झाकण आण, उठते.” संध्याकाळपर्यंत झाकण बसलं.

मुलाखत एका मंगल कार्यालयात होती. टेबलामागे चार पुरुष, पुढ्यात काजूच्या बश्या. जाऊबाई गटाराचं आणि पाण्याच्या वेळांचं सांगायला लागल्या, तसं मधल्याने हात वर केला.

“ते असू द्या, मॅडम. तुमच्याकडे पोरं किती?”

“दोन. मुलगी इंजिनिअर आहे, मुलगा अकरावीला.”

चौघेही खो खो हसले. एकाने तर डोळे पुसले. “तसली पोरं नाही हो. झेंडे लावून गाडीवर फिरणारी पोरं. प्रचाराला किती उतरवाल?”

जाऊबाईंचा चेहरा लाल झाला. पुढचे प्रश्न भराभर आले. समाजाची मतं किती? खर्च कितपत झेपेल? मिस्टरांचा धंदा काय? मिस्टर पोस्टात आहेत म्हटल्यावर मधल्याने पेनाला टोपण लावलं.

जिना उतरताना जाऊबाई एवढंच म्हणाल्या, “निवडून आल्यावर काय करणार, हे एकानेही विचारलं नाही गं.” शिपायाच्या नोकरीलासुद्धा काम येतं का, ते विचारतात!

तिकीट एका बिल्डरच्या बायकोला मिळालं. ती बाई चांगली की वाईट, मला आजही सांगता येणार नाही. आमच्या दारी आली तेव्हा तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या नवऱ्यानेच दिलं.

जाऊबाई अपक्ष उभ्या राहिल्या. चाचा वॉकर टेकत आमच्याबरोबर दारोदार फिरले. लिफ्ट नसलेल्या इमारतीत खालीच उभं राहून ओरडून सांगायचे, “ही बाई माझ्यासाठी उन्हात बसली! खुदा गवाह आहे!” मला वाटलं, जमेल.

मग आमच्या सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, “वहिनी, तुमचं काम सगळ्यांना माहीत आहे. पण सोसायटीला काय? समोरचे उमेदवार अख्ख्या बिल्डिंगला रंग काढून देतायत. वर कॅमेरे.”

“माझ्याकडे द्यायला काही नाही,” जाऊबाई म्हणाल्या. “आणि असतं तरी दिलं नसतं. रंग आपण आपल्या वर्गणीतून काढू.”

एक बाई मोबाईल बघायला लागल्या. पुढच्याच आठवड्यात इमारतीला परांची बांधली गेली आणि भिंती पिवळ्याधमक झाल्या. याच घरांतली माणसं रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर देश कसा लुटला जातोय त्याचे मेसेज टाकतात. शिकलेली, पगारदार माणसं. माझ्या खिडकीबाहेर रंगाऱ्याचा ब्रश फिरत होता आणि मला ती खिडकी फोडावीशी वाटत होती.

बिल्डरची बायको निवडून आली आणि जाऊबाईंचं डिपॉझिट गेलं. आमच्या मतदान केंद्रावर त्यांना पडलेली मतं आमच्या एका इमारतीतल्या मतदारांपेक्षाही कमी होती. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन नेहमीसारख्या पतपेढीत कामाला गेल्या.

काही महिन्यांनी नळाला गढूळ, वास मारणारं पाणी यायला लागलं. सेक्रेटरी बाटली भरून जाऊबाईंच्या दारात. मी तिथेच होते.

“वहिनी, तुमची महापालिकेत ओळख आहे. जरा बघता का?”

“नगरसेविकेकडे जा की,” मी म्हणाले.

“तिचा नवरा फोन उचलत नाही हो. सगळे राजकारणी साले एकजात भ्रष्ट!”

माझा तोल गेला. “आणि तुम्ही? रंग फुकट घेतलात, तो काय प्रसाद होता? त्याने तुमचं मत विकत घेतलं, आता तो तुमचं का ऐकेल? भ्रष्ट म्हणे! भाव तुम्ही सांगितलात, त्याने फक्त दिला!”

जिन्यातली दोन दारं उघडली. सेक्रेटरी माझ्याकडे न बघता जाऊबाईंना म्हणाले, “लहान मुलं आहेत हो बिल्डिंगमध्ये, हेच पाणी पितात.”

जाऊबाईंनी त्यांच्या हातातली बाटली घेतली. “ताई, जाऊ नका,” मी म्हणाले, “मरू देत त्यांना.”

“अगं, पाणी आपल्याही नळाला तेच येतंय,” त्या म्हणाल्या आणि चपला घालून पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला गेल्या.

तीन-चार खेपा घातल्यावर फुटलेली पाइपलाइन दुरुस्त झाली. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. त्यात कोणीतरी लिहिलं, “वहिनी, पुढच्या वेळी नक्की उभ्या राहा.” मी त्याच दिवशी ग्रुप सोडला. जाऊबाई म्हणतात, मी फार तापते. तापते. त्या चार काजूखाऊंवर जेवढी तापते, त्याहून जास्त माझ्या जिन्यातल्या माणसांवर.