पेंढ्याच्या छपराखालचा आग्रह

सासूबाई, म्हणजे मी ज्यांना आई म्हणते त्या, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे रेगेन्सबर्गला आल्या होत्या. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत होत्या. आल्यावर पहिल्याच आठवड्यात, सकाळी चहा पिता पिता नवऱ्यानं विचारलं, "आई, कायमचीच येतेस का आमच्याकडे? कागदपत्रांचं मी बघतो."

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "मला तिथंच बरं."

"बरं," असं म्हणून त्यानं कप सिंकमध्ये ठेवला आणि बस गाठायला पळाला. विषय संपला.

इतकी वर्षं जर्मनीत काढल्यावर आम्हा दोघांनाही असंच आवडायला लागलंय. नको म्हणजे नको, एक घाव दोन तुकडे. पण आई त्या दिवसापासून जरा गप्पच झाल्या. स्वतःचा कप लगेच धुऊन जागेवर ठेवायच्या, टॉवेलची घडी घालून ती बॅगेवरच ठेवायच्या, लॉजमध्ये उतरल्यासारख्या. त्यांना खरंच परत जायचंय की पुन्हा कुणी विचारलं नाही म्हणून त्या निघाल्यात, हे मला कळेना. तीन महिने संपत आले, परतीचं विमान रविवारचं होतं. त्या रिकाम्या घराचं कुलूप त्या एकट्या उघडणार, हे डोळ्यांसमोर आलं की माझा जीव खालीवर व्हायचा.

जाण्याआधी कुठं फिरायला न्यावं म्हणून विचारलं, तर इथंही "नको, उगाच खर्च" झालंच. पण दाताच्या डॉक्टरकडच्या कॅलेंडरवर ब्लॅक फॉरेस्टमधलं पेंढ्यानं शाकारलेलं एक घर होतं, ते पान त्या बराच वेळ बघत बसल्या होत्या. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं सासरे मुळशीच्या बाजूला डोंगरातल्या शाळेवर होते, तेव्हा तसल्याच छपराखाली संसार मांडला होता, एवढंच बोलल्या. मी घरी येऊन ब्लॅक फॉरेस्टच्या एका डोंगरगावात आम्हा तिघांना दोन रात्रींसाठी फेरीनवोनुंग शोधली, म्हणजे शेतकऱ्याच्या घरातल्या पाहुण्यांसाठीच्या खोल्या. छप्पर पेंढ्याचं हवं, एवढीच माझी अट होती.

गाव म्हणजे उतारावर लांब लांब विखुरलेली सातआठ घरं. आमचं घर दिसलं ते आधी नुसतं छप्परच. वरून निघून ते इतकं खाली आलं होतं की वळचणीला हात लागत होता, आणि खिडक्या त्याच्या आत कुठंतरी दडलेल्या. पेंढा जुना होऊन काळपट झालेला, उत्तरेकडच्या बाजूला शेवाळ. एकाच छपराखाली माणसं, गाई आणि चारा. आत शिरल्याबरोबर धुराचा वास आला. जुन्या काळी या घरांना धुराडंच नसायचं. चुलीचा धूर घरभर फिरून पेंढ्यातून बाहेर पडायचा, त्यामुळे किडा लागत नसे. मालकीणबाई हे सांगत होत्या आणि मी मराठीत आईंना सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मान वर करून त्या वासे बघत होत्या.

मालकीणबाई सत्तरीच्या, उंच, भरभर चालणाऱ्या. त्यांनी टेबलावर कॉफी आणि प्लमचा केक आणला. तो बिनअंड्याचा हवा, हे मी आधीच कळवलं होतं.

"नको नको," आई म्हणाल्या. "वाटेत झालं आमचं."

मी भाषांतर केलं. मालकीणबाई "गूट", म्हणजे ठीक, म्हणाल्या आणि आईंच्या समोरची बशी उचलून घेऊन गेल्या.

आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वाटेत त्यांनी एक केळं खाल्लं होतं, बाकी काही नाही. आम्ही दोघं केक खात होतो आणि त्या खिडकीबाहेरच्या गाई मोजत होत्या. खोलीत गेल्यावर मी म्हटलं, "अहो आई, इथं पहिल्यांदाच हो म्हणायचं असतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

"पहिल्याच खेपेला?" त्या म्हणाल्या. "हावरटासारखं?"

मी पर्समधला चिवडा काढून दिला. तो मात्र त्यांनी एकदाही नको न म्हणता संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ही गर्दी. उत्तरेकडचं छप्पर त्या दिवशी शाकारायचं होतं. छपराचा कारागीर बाहेरून आला होता, पण बाकी सगळे शेजारीच. ट्रॅक्टरवरून राय नावाच्या धान्याच्या पेंढ्या उतरत होत्या, रांगेतून हातोहात शिडीपर्यंत जात होत्या, वर कारागीर त्या दाबून, ठोकून, बांधून टाकत होता. एकाचं छप्पर असलं की सगळ्यांनी यायचं, हे ठरलेलं. नवरा बिनबोलावता रांगेत घुसला. ऑफिसात तो मीटिंगशिवाय बोटही हलवत नाही.

मालकीणबाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या घरची रीत होती, रात्री जो या छपराखाली झोपला त्यानं स्वतःच्या हातानं एक तरी पेंढी वर द्यायची. म्हणून त्यांनी एक पेंढी आईंच्या पुढे धरली.

शाकारणीचं रात्रीच कळल्यामुळे आई पहाटेपासून तयार होत्या. साडीवर माझं जॅकेट, पायात बूट, पदर कमरेला घट्ट खोचलेला. आणि तोंडानं म्हणाल्या, "नको हो. मला कुठलं आता जमतंय."

"गूट," म्हणून मालकीणबाईंनी ती पेंढी माझ्या हातात दिली.

मला इतका राग आला! कुणाचा ते सांगता येणार नाही. दोघींचाही आला असावा. खोचलेला पदर आईंनी हळूच सोडवला, ते बघवेना. मी पेंढी परत मालकीणबाईंच्या हातात ठेवली आणि जर्मनमध्ये जरा जोरातच म्हटलं, "आल्झो, हे बघा, आमच्याकडे पहिलं नको म्हणजे नको नसतं. ती रीत असते. पाहुण्यानं नको म्हणायचं, घरच्यांनी पुन्हा विचारायचं. किमान तीनदा."

"तीनदा?" त्या म्हणाल्या. "तोवर कॉफी गार होईल की!"

"होते," मी म्हटलं. "मग पुन्हा गरम करतो."

बाईंनी पेंढी नीट धरली. मग आईंकडे वळल्या आणि पेंढी पुढे करून, अगदी गंभीरपणे, पुन्हा विचारलं. आई म्हणाल्या, "अहो नको, तुम्हा लोकांची कामं खोळंबतील." रांग थांबली होती. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बरं बाई," आई म्हणाल्या. "एवढं म्हणताय तर."

पदर पुन्हा खोचला गेला. पेंढी त्यांनी काखेत धरली, शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या आणि बुडखा पुढे करून वर दिली. कारागिरानं वरूनच "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत अंगठा दाखवला. मग त्या हटेचनात. एकामागून एक पेंढ्या देत राहिल्या आणि मधेच मला म्हणाल्या, "मुळशीला मी अशीच खालून द्यायची. हे वर. शाळामास्तर, यांना कुठलं बांधता येतंय! एक जागा सैल राहिली आणि पहिल्याच पावसात यांच्याच ताटात धार." त्या हसत होत्या. सासरे गेल्यापासून त्यांचं असं हसू मी ऐकलं नव्हतं.

दुपारी सगळ्यांबरोबर सूप आणि ब्रेड झाला. मालकीणबाईंनी प्रत्येक पदार्थ आईंना तीनदा विचारला, बोटं मोजून. नंतर आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. अंगणभर जुना पेंढा पडला होता आणि नवरा शेजाऱ्यांबरोबर तो गोळा करत होता. मला वाटलं, सापडली किल्ली. इतके दिवस नुसतं पुन्हा विचारायचं राहिलं होतं.

"आई, राहा ना आमच्याकडे," मी म्हटलं. "कायमच्या."

"नको गं."

"मनापासून म्हणतेय. खोली तुमचीच आहे. राहा."

"अगं नको."

"आई, राहा."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "खरंच नको," त्या म्हणाल्या. "ही रीत नाही, खरं सांगतेय. माझी भिशी आहे, खालच्या मजल्यावरची मैत्रीण आहे, सकाळचं फिरणं आहे. यांची खुर्ची आहे तिथं. मला माझ्या घरी जायचंय. आल्या दिवसापासून जायचंच होतं."

"मग इतके दिवस अशा गप्प का होतात?"

त्या अंगणाकडे बघत होत्या. "त्यानं एकदाच विचारलं गं," त्या म्हणाल्या.

मी उठले आणि पेंढा उचलणाऱ्या नवऱ्याला जाऊन सगळं सांगितलं. तो आधी चिडला. "यायचंच नाही तर कशाला विचारायचं? काय लॉजिक आहे हे?" मग बराच वेळ तो पेंढा एकाच जागी गोळा करत राहिला. संध्याकाळी जेवताना त्यानं विचारलं. परतीच्या वाटेवर पेट्रोल भरताना विचारलं, शनिवारी बॅगेचं वजन करताना विचारलं. आई दर वेळी नको म्हणायच्या, आणि दर वेळी जरा जास्तच तोऱ्यात.

रविवारी विमानतळावर, त्यांनी आत जाण्याआधी, त्यानं शेवटचं विचारलं. या वेळी तो थट्टा करत नव्हता. "आई, राहतेस?"

"नाही रे राजा," त्या म्हणाल्या, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि आत गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्या तरी तो तिथंच उभा होता. पहिल्यांदा चहाच्या टेबलावर त्यांनी नको म्हटलं तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं. आता डोळे पुसत तो मला म्हणाला, "नाही म्हणाली गं ती."